छायाचित्राची डागडुजी

साकोली तालुक्यांतील एकोडी हें आमचें आजोळ. धानाची शेती, पावसाळ्यांत चिखलानें बंद होणाऱ्या वाटा आणि दिवाळीनंतरच्या मंडईंत रात्रभर चालणारें नाटक, एवढ्यांत ज्यांचें वर्णन संपतें अशा भंडारा जिल्ह्यांतील अनेक गांवांपैकींच तें एक. कलाविचाराच्या लेखांत त्याचें नांव यावें असें तेथें कांहीं आहे, असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं तेथील एका घराच्या भिंतीवरून उतरविलेल्या जुन्या छायाचित्रानें आम्हांस अशा एका प्रश्नांत गुंतविलें कीं, तीस वर्षें विद्यार्थ्यांना 'अनुकरण', 'आदर्शीकरण', 'सत्य आणि सौंदर्य' हे शब्द शिकवूनही त्याचें उत्तर आम्हांस देतां येईना. ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असें एखादें छायाचित्र असेलच, आणि आज ना उद्यां तें दुरुस्तीला जाईलच. म्हणून हा प्रश्न घरगुती असला तरी खासगी नाहीं, असें समजून आम्ही तो येथें मांडीत आहों.

छायाचित्र आमच्या आजीचें, म्हणजे आईच्या आईचें. वीतभर उंचीचें, काळें-पांढरें. साठ वर्षांमागें एका फिरत्या छायाचित्रकारानें घराच्या ओसरीवर काढलेलें. आजी लाकडी स्टुलावर ताठ बसली आहे. डोक्यावरून पदर घेतलेला, गळ्यांत काळ्या मण्यांची पोत, हात गुडघ्यांवर उपडे ठेवलेले, आणि दृष्टि सरळ समोर. कपाळावर गोंदणाचे पांच ठिपके, हनुवटीवर एक. आणि दोन्ही गालांवर देवीचे वण. हे वण म्हणजे काय, हें आतां सांगावें लागतें. आपल्या देशांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला, व १९८० सालीं तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें; तेव्हां आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांनीं देवीनें खणलेला चेहरा बहुधा कधीं पाहिलेलाच नाहीं. आजीला लहानपणीं देवी आल्या होत्या. तिच्या पाठच्या दोन भावंडांना घेऊन त्या गेल्या, आणि ती राहिली. एवढी हकीकत त्या गालांवर लिहिलेली होती.

त्या वर्षीं पावसाळ्यांत कौलें फुटून भिंत ओली झाली. छायाचित्राचा वरचा थर चौकटीच्या कांचेला चिकटला, आणि सोडवितांना डाव्या गालाचा खालचा भाग, कानाची पाळी व खांद्यावरचा पदर कांचेबरोबरच निघून आला. उरलेल्या भागावर बुरशीची जाळी आणि मधोमध एक आडवी चीर. मामांनीं तें जवळच्या बाजारगांवच्या एका स्टुडिओंत नेऊन दिलें. आठवड्यानें जें परत आलें तें दुप्पट मोठें, रंगीत, आणि इतकें गुळगुळीत होतें कीं, त्यावर माशी बसली तर घसरेल असें वाटावें. चीर गेली होती, बुरशी गेली होती, कान आला होता. त्यांच्याबरोबर वणही गेले होते, गोंदण गेलें होतें, डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या होत्या. आणि सांवळ्या आजीच्या जागीं चांगली गोरीपान अशी एक बाई बसली होती. पाठीमागची मातीची भिंत जाऊन तेथें निळें आकाश आलें होतें. आमच्या आईनें, जिचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे, तें चित्र बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिलें आणि आम्हांस विचारलें, 'बापू, हे कोन्या मास्तरीनबाईचा फोटो आनलास?'

ती थट्टा करीत नव्हती. तिला खरोखरच ओळख पटली नव्हती.

येथें 'लोकांची अभिरुचि बिघडली' असा एक सुस्कारा टाकून मोकळें होणें सोपें होतें, व समीक्षकांस हा मोह नेहमींच होतो. पण ज्या कामावर टीका करावयाची तें काम होतें कसें, हें न पाहतां टीका करणें आम्हांस कधींच प्रशस्त वाटलें नाहीं. म्हणून आम्ही त्या स्टुडिओंत गेलों. तेथें भेटलेला कारागीर हा पंचविशींतला एक तरुण. समोर संगणक, आणि भिंतीवर नाटकांचे फलक. त्यांत नायक, खलनायक व प्रमुख पाहुणे ह्या सर्वांची कांति एकाच सांच्यांतून काढल्यासारखी. झाडीपट्टीच्या नाटकांच्या हंगामांत फलक करणें हा त्याचा मुख्य धंदा. दिवंगतांच्या तसबिरी हें बारमाही काम. त्यानें आमचें गाऱ्हाणें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, 'सर, गोरं नाही केलं त लोक पैसेच देत नाहीत.' मग मूळ प्रत पडद्यावर काढून आपण काय काय केलें तें तो क्रमानें दाखवूं लागला. त्या दोन तासांत आमच्या रागाचा रोख बदलला. त्याचा हात वाईट नव्हता. लुगड्याच्या कांठाची तुटलेली नक्षी त्यानें ज्या चिकाटीनें जुळविली होती, ती पाहून एखाद्या जुन्या रंगाऱ्यानेंही मान डोलविली असती.

छायाचित्रावर हात फिरविण्याची चाल संगणकाबरोबर आली असा एक समज आहे. तो खरा नाहीं. ती छायाचित्रणाच्या पाठोपाठच आली. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. त्याच्या पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत म्युनिकच्या हान्फ्श्टेंगल ह्या छायाचित्रकारानें एकाच व्यक्तीचीं, हात फिरविलेलें व न फिरविलेलें, अशीं दोन चित्रें मांडून लोकांस थक्क केलें, असें सांगतात. आपल्याकडे संस्थानिकांच्या छायाचित्रांवर तर जलरंगांचा व तैलरंगांचा असा थर चढे कीं, खालचें छायाचित्र शोधावें लागे. राजा दीनदयाळ यांनीं १८९६ सालीं मुंबईंत स्टुडिओ उघडला त्या काळांत मोठ्या स्टुडिओंमध्यें छायाचित्रकाराइतकीच रंगाऱ्याचीही गरज असे.

परंतु चेहऱ्यावरचें खरें काम होई तें निगेटिव्हवर, आणि त्याचें साधन म्हणजे टोंकदार शिसपेन्सिल. ह्या पेन्सिलीचा एक धर्म लक्षांत घेण्यासारखा आहे. निगेटिव्हवर जेथें काळें वाढतें तेथें कागदावर पांढरें उमटतें. म्हणून पेन्सिलीनें चेहरा उजळ करतां येई, गडद करतां येत नसे. गडद करावयाचें तर वरचा थर चाकूनें खरवडावा लागे, आणि तें जोखमीचें काम. सुरकुती भरून टाकणें सोपें. सुरकुती राखून तिच्याशेजारचा ओरखडा तेवढा घालविणें कठीण. म्हणजे हत्याराचा कलच उजळपणाकडे व गुळगुळीतपणाकडे होता. शिवाय त्या काळच्या कांचांवरचे लेप तांबड्या रंगाला जवळ जवळ आंधळे असत. त्यामुळें कातडीवरचा तांबूस डाग, तीळ, सांवळा वर्ण हीं सारीं मुळाहून अधिक काळीं पडत. तेव्हां जुना रिटचर एखादा सांवळा चेहरा थोडासा उजळी, त्या वेळीं तो पुष्कळदां खोटें बोलत नसे. लेपानें सांगितलेलें खोटें तो दुरुस्त करीत असे. त्या कारागिरांना ही सबब आम्ही मोकळ्या मनानें देतों. पुढें सर्व रंग ओळखणाऱ्या फिल्मा आल्या. सबब गेली, संवय राहिली.

थॉमस व जॉन नोल ह्या दोघां अमेरिकन भावांनीं तयार केलेलें फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. त्यांच्या वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता व घराच्या तळघरांत त्यांची अंधारखोली होती. मुलांच्या सॉफ्टवेअरांतील हत्यारांना त्या अंधारखोलीचा वास अजून येतो. 'डॉज' म्हणजे कागदावर छाप घेतांना तारेच्या टोंकाला लावलेल्या चकतीनें प्रकाश अडवून तेवढा भाग उजळ राखणें. 'बर्न' म्हणजे हाताच्या पोकळींतून अधिक प्रकाश सोडून तेवढा भाग गडद करणें. पडद्यावर ह्या दोन हत्यारांचीं चिन्हें म्हणून तीच चकती व तोच हात आजही काढलेला असतो. फरक एवढाच कीं, येथें उजळणें व काळवंडणें हीं दोन्ही सारखींच सोपीं आहेत. पेन्सिलीचा कल ह्या हत्यारांना नाहीं; ज्या बाजूला हात नेईल त्या बाजूला तीं जातात. फोटोशॉप महाग वाटलें तर १९९६ सालीं निघालेलें गिंप हें सॉफ्टवेअर फुकट मिळतें, आणि त्यांतही जवळ जवळ हींच हत्यारें असतात. म्हणजे भंडारा जिल्ह्यांतल्या मुलापाशीं आणि न्यूयॉर्कच्या कारागिरापाशीं आज साहित्य एकच आहे. तेव्हां दोघांस एकाच कसोटीला लावण्यास हरकत नसावी.

दुरुस्तीच्या कामांत दोन हत्यारें मुख्य. पहिलें 'क्लोन स्टॅम्प', म्हणजे नकलेचा शिक्का. चित्राच्या एका जागेवर बोट ठेवून 'हें घे' म्हणावयाचें, आणि दुसऱ्या जागीं कुंचला फिरवावयाचा. तेथें पहिल्या जागेची हुबेहूब नक्कल उमटते. हें हत्यार प्रामाणिक आणि मठ्ठ आहे. उजेडांतली कातडी सांवलींत लावली तर ठिगळ ताबडतोब दिसतें, म्हणून कारागिरास पावलोपावलीं विचार करावा लागतो. कुंचल्याची कड मऊ ठेवावी, रंग एकदम न देतां दहा-वीस टक्क्यांनीं चढवीत जावा, उचलण्याची जागा वारंवार बदलावी. नाहीं तर एकच ठिपका तीन ठिकाणीं उमटून चोरी पकडली जाते. लुगड्याचा कांठ ह्याच शिक्क्यानें जुळविला होता.

दुसरें हत्यार 'हीलिंग ब्रश'. तें फोटोशॉपमध्यें २००२ सालीं, सातव्या आवृत्तींत आलें. शिक्का रंग व पोत दोन्ही उचलून आणतो. हा कुंचला पोत तेवढा उचलतो. रंग व उजेड मात्र जेथें लावावयाचा तेथल्या भोंवतालाशीं जुळवून घेतो. तापलेल्या पत्र्यांत उष्णता कडांकडून आंत कशी पसरत जाऊन स्थिर होते, हें सांगणाऱ्या समीकरणांच्या घराण्यांतलेंच त्यामागचें गणित आहे. परिणाम मात्र जादूसारखा. बुरशीचा ठिपका, धुळीचा कण, चिरेची रेघ, कशावरूनही एकदां हात फिरला कीं, तेथें कधीं कांहीं नव्हतेंच असें होऊन जातें. २००५ सालीं ह्या कुंचल्याचा एक धाकटा भाऊ निघाला. त्याला 'हें घे' असेंही सांगावें लागत नाहीं, आजूबाजूचें तो आपलें आपण घेतो. २०१० पासून मोठमोठ्या रिकाम्या जागा यंत्रानेंच भरून देण्याची सोय झाली, आणि २०२३ पासून तर नुसत्या शब्दांनीं मागणी केली तरी मुळांत नसलेली वस्तु तेथें रंगवून मिळते. कारागिराला पूर्वीं ज्या ज्या ठिकाणीं थांबून विचार करावा लागे, तीं ठिकाणें अशीं एकेक करून नाहींशीं होत आलीं आहेत. आमच्या तरुणानें आजीच्या गालांवर हा धाकटा भाऊच फिरविला होता. किती वेळ लागला, असें आम्हीं विचारलें. 'पाच मिनिटं, सर.'

ह्या कुंचल्याच्या नांवाशींच आमचें भांडण आहे. 'हीलिंग' म्हणजे जखम भरून काढणें. हें नांव ठेवणारानें गुळगुळीत नसेल तें सारें जखमच असें गृहीत धरलें आहे; आणि यंत्राच्या दृष्टीनें तें बरोबरही आहे, कारण बुरशीचा डाग काय आणि देवीचा वण काय, दोन्हीही भोंवतालाहून वेगळे पडलेले ठिपकेच. पण बुरशीचा डाग ही कागदाला झालेली जखम आहे. देवीचा वण ही आजीची जखम नव्हे. जखम भरून आल्याची ती खूण आहे. जें काम कुंचला करूं पाहत होता तें तिच्या शरीरानें ती पांच-सहा वर्षांची असतांनाच पुरें केलें होतें. गोंदणाची गोष्ट तर आणखी निराळी. तें सुया सोसून हौसेनें घेतलेलें. सोनें-नाणें सारें मागें राहतें आणि मेल्यावर बरोबर येणारा दागिना काय तो गोंदणाचा, अशी आमच्याकडच्या जुन्या बायकांची समजूत असे. आजीला जाऊन चाळीस वर्षें झालीं. एवढ्या अवधीनंतर तो दागिना एका कुंचल्यानें तिच्या कपाळावरून उतरवून घेतला.

छायाचित्रांतील खोटेपणाचीं प्रसिद्ध उदाहरणें वाचकांच्या ऐकिवांत असतीलच. स्टालिनशेजारीं कालव्याच्या कांठीं उभा असलेला येझोव्ह मर्जींतून उतरतांच चित्रांतूनही नाहींसा झाला. 'नॅशनल जिऑग्राफिक'नें १९८२ सालीं मुखपृष्ठाच्या आकारांत बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड जवळ सरकविले. हीं उदाहरणें निषेध करण्यास सोपीं आहेत. 'टाइम' साप्ताहिकाचें १९९४ सालचें उदाहरण मात्र आम्हांस आमच्या विषयाच्या फार जवळचें वाटतें. खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा चेहरा त्याच्या मुखपृष्ठावर मुळाहून काळा करून छापला होता, व त्यावरून मोठा गदारोळ उठला. आरोपीला काळा करणारा तो हात आणि पूर्वजांना गोरें करणारा हा हात ह्यांची समजूत एकच नाहीं काय? आपल्याकडील जयंत्यांचे फलक पाहावेत. ज्यांनीं वर्णाच्या उतरंडीविरुद्ध जन्मभर झुंज दिली, त्या जोतीराव-सावित्रीबाईंचे व बाबासाहेबांचेही गाल तेथें गुलाबी झालेले असतात. आणि आपण कोणाचा गौरव कोणत्या रंगानें करतों आहों, हें तेथें हार घालणाऱ्यांच्या ध्यानांतही येत नाहीं.

इतपत आमचा विचार पक्का झाला होता, आणि तो आम्हीं एकोडीस जेवणाच्या वेळीं बऱ्याच आवेशानें बोलून दाखविला. मामी वाढीत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, 'जनमभर लोकानं सासूबाईले वनाच्या तोंडाची म्हनलं. आता मेल्यावर त चांगली दिसू द्या.'

ह्या वाक्याचें वजन आम्हीं नंतर पुष्कळ दिवस तोलून पाहिलें. आम्ही आजीचे नातू. उन्हाळ्याच्या सुटींत यावें, आंबे खावे, तिच्या मांडीवर झोंपावें आणि परत जावें, एवढाच आमचा तिचा संबंध. तिचे वण आम्हांस प्रिय, कारण त्यांबद्दल आम्हांस कोणी कधीं बोलून दाखविलें नव्हतें. मामींनीं त्या चेहऱ्याबरोबर वीस वर्षें काढलीं. लग्नकार्यांत तो चेहरा पाहून बाजूला सरणाऱ्या बायका त्यांनीं पाहिल्या. त्यांची साक्ष आमच्यापेक्षां जवळची आहे. शिवाय, व्यक्तिचित्रांत बसणारास आपण कसें दिसावें याबद्दल बोलण्याचा हक्क नेहमींच राहत आला आहे. आजी आज हयात असती आणि तिनेंच त्या तरुणास 'हे वन काढ रे बाबू' असें सांगितलें असतें, तर कोणत्या सौंदर्यशास्त्राच्या आधारें आम्ही तिला अडविणार होतों? ती सरळ समोर पाहत बसली आहे, तोंडावर पदर ओढून घेतलेला नाहीं, यावरून आपला चेहरा तिला मान्य होता असा तर्क आम्हीं एकदां केला. पण 'पदर मागें घ्या' असें छायाचित्रकारानेंच सांगितलें असेल. मृतांच्या मनांतलें छायाचित्रावरून वाचण्याची संवय आम्हां शिक्षकांना फार असते.

मामींचा मुद्दा आम्हीं खोडून काढला असें आम्ही म्हणणार नाहीं. एवढेंच आमच्या ध्यानांत आलें कीं, मामींनीं मागितलें तें एक आणि यंत्रानें दिलें तें दुसरें. त्यांना सासूवरचा डाग गेलेला पाहावयाचा होता. सासूचा रंग, गोंदण, वय आणि मागची मातीची भिंत हीं जावीं असें त्या कोठेंही म्हणाल्या नव्हत्या. भिंत तर त्यांनीं स्वतः सारविलेली होती. दया मामींची होती, पण तिच्या पुढें चार पावलें धांवून जाण्याचें काम स्टुडिओच्या संवयीनें केलें.

अशा वेळीं दुरुस्ती करणारांच्या जुन्या अनुभवाकडे पाहणें बरें. आपल्या घरचेंच उदाहरण अजिंठ्याचें आहे. १९२० ते १९२२ ह्या काळांत निजाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी ह्या दोघां इटालियन तज्ज्ञांस तेथें आणविलें. पोपडे सुटत चाललेलीं चित्रें त्यांनीं भिंतीला पुन्हां पक्कीं बसविलीं, हे त्यांचे उपकारच आहेत. पण वरून जें लाखेचें रोगण दिलें तें पुढें पिवळें पडलें, धूळ धरूं लागलें, आणि तें उतरविण्याचें काम पुरातत्त्व खात्याच्या माथीं आलें. चांगल्या हेतूनें केलेलें, पण सहज परत न घेतां येणारें, असें तें काम होतें. पुढें रोम येथें १९३९ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती पुनरुद्धार संस्थेंत चेझारे ब्रांदी ह्या पंडितानें ह्या बाबतींत एक शिस्त घालून दिली. भित्तिचित्राचा तुकडा गळून पडला असेल तर ती जागा बारीक उभ्या रेघांनीं भरावी. लांबून चित्र अखंड दिसावें, आणि जवळ गेल्यावर मूळ कोणतें व भर कोणती हें डोळ्यांस कळावें. शिवाय ती भर पुसून काढतां यावी. संगणकाच्या कारागिराला ही दुसरी अट पाळणें तर अगदीं सोपें आहे. फोटोशॉपमध्यें १९९४ पासून 'लेयर' आहेत. मूळ चित्रावर एक पारदर्शक पडदा अंथरावा व सारें काम त्या पडद्यावर करावें, म्हणजे हवें तेव्हां पडदा बाजूला करून मूळ जसेंच्या तसें पाहतां येतें. आमच्या तरुणाला ही सोय ठाऊक होती. पण घाईच्या कामांत ती कोणी वापरीत नाहीं, असें तो म्हणाला.

आम्हीं पुन्हां पैसे देऊन त्याला तेंच काम नव्यानें करावयास सांगितलें. रंग द्यावयाचा नाहीं, भिंत तीच ठेवावयाची, सर्व काम वेगळ्या पडद्यावर करावयाचें, आणि जें कागदाचें नुकसान असेल तेवढेंच भरावयाचें. ही शेवटची अट बोलण्यास सोपी. पण चित्र शंभरपट मोठें करून पडद्यावर आलें, तेव्हां गालावरचा कोणता ठिपका बुरशीचा आणि कोणता आजीचा, हें आम्हांस मुळींच सांगतां येईना. उलगडा झाला तो त्या तरुणाकडून. बराच वेळ पाहून तो म्हणाला, 'सर, ज्याले सावली हाय तो आजीचा. ज्याले नाही तो बुरशीचा.' चित्रांत उजेड उजव्या अंगानें येतो. वण म्हणजे खळगा. म्हणून प्रत्येक वणाची उजवी कड काळी आणि डावी कड उजळ. बुरशी सपाट, तिला कड नाहीं, आणि ती गालावर आहे तशीच लुगड्यावर व भिंतीवरही आहे. चित्रकलेवरचीं आम्हीं वाचलेलीं पुस्तकें थोडीं नाहींत. परंतु हें निरीक्षण त्यांतल्या एकाही पानानें आम्हांस सुचविलें नसतें. दोन संध्याकाळीं तो एकेका ठिपक्याशीं थांबत गेला. तीन ठिपक्यांचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाहीं. ते तसेच राहूं दिले.

खरी अडचण होती डाव्या गालाची. तेथला तुकडा कांचेबरोबर गेलेला. खालीं कोरा कागद. तरुणानें उजवा गाल उचलून, उलटा करून, तेथें बसवून पाहिला. क्षणभर आम्हांस तें फार आवडलें, चेहरा एकदम पूर्ण झाला. मग कांहीं तरी खटकूं लागलें. गाल उलटा केल्यामुळें सांवल्याही उलटल्या होत्या, आणि डाव्या गालावरचे वण खळगे न दिसतां पुटकुळ्यांसारखे वर आलेले दिसत होते. सांवल्या सुधारतां आल्या असत्या. पण तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, वण पुसणें हें जसें आमचें काम नव्हे तसेंच नवे वण लावणें हेंही नव्हे. त्या गालावर किती होते, कोठें होते, हें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं. शेवटीं मानेवरची कातडी शिक्क्यानें हळू हळू चढवून ती जागा नुसत्या करड्या छटेनें भरली, जबड्याची रेघ डॉज आणि बर्न ह्या दोन हत्यारांनीं ओढून घेतली, आणि तेथेंच थांबावयास सांगितलें. हातभर अंतरावरून चेहरा अखंड दिसतो. जवळ गेलें कीं तेथें धुकें आहे. 'सर, हे काम अर्धंच दिसते,' असें तो नाखुषीनें म्हणाला, आणि त्या कामावर आपल्या स्टुडिओचा शिक्का मारण्यास त्यानें नकार दिला.

ती प्रत नागपुरास आईच्या खोलींत लावली आहे. आईनें पहिल्या दिवशीं कपाळावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवून ते मोजले, पांच भरले. मग बोट खालीं डाव्या गालाशीं आलें आणि थांबलें. 'इथं का झालं?' आम्हीं सांगितलें कीं, तेवढें पावसानें नेलें. 'हं' म्हणून तिनें चष्मा काढला.

एकोडीस ओसरीवर अजून ती गोरी, रंगीत प्रतच आहे. गेल्या मंडईला आम्ही गेलों होतों, तेव्हां मामींनीं तिची कांच पुसून ताजा हार घातला होता. आलेले पाहुणे ती पाहून बुढीचा फोटो चांगला निघाला असें म्हणत होते, आणि मामी ऐकत होत्या. आम्ही कांहीं बोललों नाहीं.